कावळे हाकलायचा डबा

आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली ससाण्याची अंडी होती, ती गेली. इस्त्रीवाल्यामुळे गेली नाहीत, माझ्यामुळे गेली. हे मी फार दिवस तोंडातल्या तोंडात बोलत आलो. या थंडीत चार माणसांसमोर बोललो, आणि आता लिहूनही ठेवतो. बोललेलं लोक आपापल्या सोयीने आठवतात.

मी मूळचा नवापूरचा. घर समुद्राला लागून, घरच्यांच्या होड्या, पण मला समुद्र लागायचा, म्हणून मी कारखान्यात शिरलो. कुंभवलीजवळच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात उमर गेली. निवृत्तीनंतर मुलाने बोईसरमध्ये सातव्या मजल्यावर घर घेतलं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला आलो. घराच्या वर गच्ची, गच्चीवर लिफ्टची खोली, आणि त्या खोलीच्या डोक्यावर पाण्याची टाकी. टाकीच्या खाली काँक्रीटची हातभर रुंदीची कड आहे. डागडुजीच्या वेळची थोडी रेती तिथे तशीच पडून राहिली होती. कुणी झाडली नाही, म्हणून हे सगळं झालं.

माझी बायको गेली त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला पक्ष्यांचं ते जोडपं आलं. मला तेव्हा घरात बसवत नसे. सकाळचा चहा घेऊन मी गच्चीवर जायचो आणि ऊन चढेपर्यंत तिथेच असायचो. पहिल्यांदा वाटलं, शिक्रा असेल. पण शिक्रा कबुतरावर झडप घालतो ती झाडाआडून, लपूनछपून. हा पक्षी उघड्या आभाळात वर वर जायचा, ठिपका व्हायचा, आणि मग पंख मिटून खाली यायचा. तो येताना आवाज व्हायचा, जाड कापड फाडल्यासारखा. गोदामाच्या पत्र्यांवरून उडालेल्या कबुतरांच्या थव्यातून एक कबुतर नुसतं नाहीसं व्हायचं आणि हवेत पिसं तरंगत राहायची. खालच्या मजल्यांवरच्या बायका वाळत घातलेल्या चादरी झटकत वर बघून शिव्या द्यायच्या.

पालघरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई पक्ष्यांच्या नादाने फिरतात. कुणीतरी त्यांना फोटो पाठवला आणि त्या दुर्बीण घेऊन आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "काका, हा शाहीन. बहिरी ससाण्याचाच इथला भाऊबंद. हे डोंगराच्या कड्यावर घर करतात. तुमची इमारत त्यांना कडाच वाटली असणार."

"आणि घरटं कुठंय? एक काडी आणलेली मी बघितली नाही."

"काडी नाही आणत. रेतीत छातीने खळगा करतात, बास. संसार एवढाच."

बाईंनी मला मोठी आणि लहान यांतला फरक दाखवला. मोठी ती मादी. डोळ्याखाली काळ्या मिशा, पोट तांबूस, पाय हळदीत बुडवल्यासारखे. नर तिच्यापेक्षा चांगलाच लहान. शिकार तो करायचा. पंज्यात कबुतर घेऊन तो कारखान्यांच्या वसाहतीच्या बाजूने यायचा, ती कडेवरून उडून त्याच्या खाली जायची, उलटी व्हायची आणि हवेतल्या हवेत त्याच्या पायातून घास काढून घ्यायची. ते बघून मला आमच्या होड्या आठवायच्या. होडी वाळूला लागायच्या आधीच बायका पाण्यात कमरेएवढं शिरून पाट्या हातात घेतात, तसंच हे.

माघात अंडी दिसली, तीन, जुन्या विटेच्या रंगाची. गच्चीच्या कोपऱ्यातून टाच उंच केली की दिसत. बाईंनी माझा नंबर घेतला. "काका, तुम्ही दिवसभर घरी असता. लक्ष ठेवा. कुणाला टाकीवर चढू देऊ नका. उन्हाच्या वेळी आई उठली तर अंडी जातात." मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करायचो. दोघं आहेत. नर आज दोनदा बसला. आज घारीला पिटाळली.

कारण अंडी झाल्यापासून आमच्या इमारतीवर दुसरा पक्षी टिकत नव्हता. घारी लांबून वळसा घालत. कावळे तर नावालाही नाहीत. जो चुकून यायचा त्याच्या डोक्यावरून मादी अशी जायची की तो परत त्या दिशेला बघायचाही नाही. सगळे कावळे समोरच्या मोबाईलच्या मनोऱ्यावर जाऊन बसले होते. मला त्याचं कौतुक वाटायचं. पुढे काय होणार हे डोळ्यांसमोर होतं, आणि मी कौतुक करत होतो.

सोसायटीच्या फाटकाच्या आत इस्त्रीवाल्याची टपरी होती. उत्तरेकडचा माणूस, बरीच वर्षं इथला. टपरीच्या छपरावर त्याची कबुतरं. पांढरी, पायात पिसांचे झुबके असलेली. त्यातली एक त्याची फार लाडकी होती, तिला तो रानी म्हणायचा. एक दिवस ती गेली. मी खाली उतरलो तर तो तापलेल्या इस्त्रीसारखाच उभा.

"चाचा, आपका बाज मेरी रानी ले गया।"

"माझा नाय रे बाबा तो."

"आपका नहीं है तो सुबह से शाम चौकीदारी क्यों करते हो?"

त्याच दिवशी तो वर आला होता. पिसं बघायला. त्याला ती ओळखू आली. मूठभर गोळा करून खाली गेला. मग टपरीसमोर कपडे द्यायला आलेल्यांना म्हणाला, "एक दिन ऊपर जाके आमलेट बना दूँगा, सबको खिलाऊँगा।" सगळे हसले. मीही हसलो.

आता बायकोबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे केलं ते नुसतं येडेपण वाटेल.

शेवटचे तीन महिने ती मला एकच सांगत होती, मला नवापूरला ने. मी नेलं नाही. इथे लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे, रात्रीबेरात्री काही झालं तर तिथून कसं आणणार? मी म्हणत होतो ते सगळं बरोबर होतं, आणि ती सातव्या मजल्यावर, समुद्राची बारीक रेघ बघत गेली. दहाव्याला नवापूरच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मुलाने सगळी वचनं दिली. मी मनातल्या मनात माफी मागितली. कावळे समोर बसलेले, पण पुढे येईनात. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

तिची धाकटी बहीण, माझी मेव्हणी, नवापूरलाच असते. सुकी मासळी विकते. रडता रडता ती म्हणाली, "कसा शिवल? जल्मभर तायनं कावळ्यांना हाकललान. त्यांना काय म्हायीत नाय?"

सगळे हसले, आणि ते खोटंही नव्हतं. आमच्याकडे बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत घालतात. कावळ्यांनी ते ओढू नयेत म्हणून डबा बांधतात. पत्र्याचा डबा, आत दोनचार नटबोल्ट, वाऱ्यावर हलेल असा दोरीला टांगलेला. माझ्या बायकोचा डबा साऱ्या पाड्यात मोठ्या आवाजाचा होता. त्यातले नटबोल्ट मीच कारखान्यातून आणून दिले होते. बोईसरला येताना तिने सगळं टाकलं, तो डबा तेवढा आणला. इथं बोंबील कुठं सुकवणार, असं मी विचारलं. म्हणाली, "असूं दे. माझा हाय."

वर्षश्राद्ध आलं ते नेमकं अंड्यांवर मादी बसलेली असताना. मला गुडघ्यांमुळे लांब जाणं जमत नव्हतं, म्हणून घरीच करायचं ठरलं आणि पान गच्चीवर ठेवलं. भात, वडा, खीर, तिला आवडायची ती कोलंबीसुद्धा वेगळ्या द्रोणात, गुरुजी गेल्यावर मेव्हणीने हळूच ठेवलेली. आम्ही थांबलो. वर ससाण्याची मादी, समोरच्या मनोऱ्यावर कावळे. अर्धा तास गेला, तास गेला. पान शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं.

"भावजी, ताय अजून रुसलेली हाय," मेव्हणी म्हणाली.

गुरुजी जाताना सांगून गेले होते, नाहीच आला तर दर्भाचा करा, चालतं. मुलगा तेच म्हणत होता. मला ते चालणार नव्हतं. पहिल्या वेळी दर्भाचा, वर्षानेही दर्भाचा. म्हणजे ती माझ्यावर कायमची रागावून गेली असं मी मानून घ्यायचं. आणि कावळे का येत नाहीत हे मला तर ठाऊक होतं. इतरांना नव्हतं. मी म्हटलं, "तुमी खाली जा. मी बसतो."

सगळे उतरल्यावर मी लिफ्टच्या खोलीतल्या अडगळीच्या माळ्यावरून तिचा डबा काढला. टाकीच्या लोखंडी शिडीला बांधला, कडेपासून जेमतेम हाताच्या अंतरावर. पश्चिमेचा वारा सुटलाच होता. डबा वाजला आणि मादी उडाली. नरही आला. दोघं ओरडत टाकीभोवती फिरायला लागली. डबा थांबेना तशी ती लांब गेली. इथल्या कावळ्यांना डब्याची ओळख नव्हती, थोड्या वेळाने मनोऱ्यावरून एक कावळा उतरला. कठड्यावर बसला, मान वाकडी केली, पानाकडे उड्या मारत आला आणि त्याने कोलंबी उचलली.

आमच्याकडे कावळे हाकलायला डबा बांधतात. मी तो कावळा बोलवायला बांधला.

मी खाली येऊन सांगितलं, "शिवला." मेव्हणीने हात जोडले. मुलगा रडला. पानं वाढली गेली. जेवताना वरून डब्याचा आवाज येत होता, आणि हे लिहायलाच हवं, मला तो आवाज ऐकून बरं वाटत होतं. ती गच्चीवर बसून कावळे हाकलते आहे असं वाटत होतं. सुनेने विचारलं, काय वाजतंय? मी म्हटलं, टाकीचा पत्रा असेल. जेवण झालं आणि मला झोप लागली. वर्षभरात लागली नव्हती अशी झोप.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. डबा वाजतच होता. मी गुडघे धरत वर गेलो. कडेवर कावळे होते. एक नाही, बरेच. पानावरचं संपवून ते तिकडे वळले होते. एकाच्या चोचीत विटकरी रंगाचं कवच होतं. मी ओरडलो, चप्पल फेकली, ते उडाले. रेतीच्या खळग्यात काही उरलं नव्हतं. मादी समोरच्या मनोऱ्यावर, कावळ्यांच्या रिकाम्या जागेवर, माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी डबा सोडला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला.

बाईंना फोन केला. "बाई, अंडी कावळ्यांनी खाल्ली."

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. गच्चीवर पडलेली कवचं बघून म्हणाल्या, "काका, आई बसलेली असताना कावळ्याची छाती होत नाही. तिला आधी कुणीतरी उठवलंय. बराच वेळ. तुम्ही होतात ना वर?"

"काल वर्षश्राद्ध होतं. मी खाली होतो."

त्यांनी लगेच माझा हात धरला. "सॉरी काका. तुमच्या घरी असा दिवस, आणि मी काय विचारते."

तोवर सोसायटीला त्या पक्ष्यांचा अभिमान वाटायला लागला होता. फोटो गावभर फिरले होते. रविवारी खाली खुर्च्या टाकून सभा भरली. कुणीतरी उठवलंय म्हणजे कुणी, हा प्रश्न निघायचा अवकाश, आमलेट सगळ्यांना आठवलं. तेव्हा हसलेले लोक आता ते वाक्य धमकी म्हणून सांगत होते. इस्त्रीवाला फाटकापाशी उभा होता. म्हणाला, "मज़ाक था साहब। मज़ाक भी नहीं करे आदमी?"

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही रोज वर असता. याला कधी गच्चीवर जाताना बघितलंय?"

माझ्यासमोर सगळी सोसायटी होती. मुलगा शेजारच्या खुर्चीवर. मी खरं बोललो असतो तर मुलाला कळलं असतं की त्याच्या आईचं पान कसं शिवलं. म्हणून मी दुसरं खरं बोललो.

"एकदा गेला होता," मी म्हटलं.

पिसं गोळा करायला, अंडी जायच्या कितीतरी दिवस आधी, एवढं पुढे म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही. इस्त्रीवाल्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटत होतं मी वाक्य पुरं करीन. तो थांबला. मग त्याने मान हलवली आणि टपरीकडे गेला. आठवड्याच्या आत टपरी उचलावी लागली. कबुतरं पोत्याच्या झाकणाच्या टोपल्यांतून गेली. त्याच्या जागी आता दोन गाड्या उभ्या राहतात.

पुढच्या थंडीत ससाणे आले नाहीत. मी रोज गच्चीवर जायचो, रेती तशीच होती. बायकोच्या तिथीला मी रिक्षा करून नवापूरला गेलो आणि किनाऱ्यावर पान ठेवलं. गुडघ्यांचं काही अडलं नाही, जाता येत होतं. कावळा लगेच आला. मेव्हणी म्हणाली, "बगा, तायला हितंच यायचा होता."

या वर्षी मार्गशीर्षात सकाळी चहा घेऊन वर गेलो तर कापड फाटल्यासारखा तो आवाज झाला. दोघं आली होती. तीच की दुसरी, ते बाईंनाही सांगता येईना. सोसायटीत आनंद झाला. सेक्रेटरींनी गच्चीच्या दाराला नवं कुलूप आणलं आणि चावी माझ्या हातात ठेवली. "या वेळी कुणालाही वर सोडायचं नाही. मागच्या वेळी एका माणसामुळे नुकसान झालं. काका, तुमच्याशिवाय कुणावर भरवसा ठेवणार?"

ती चावी सदऱ्याच्या खिशात घालून मी चार दिवस हिंडलो. पाचव्या दिवशी कुंभवलीच्या रस्त्यावर त्याला शोधायला गेलो. एका पानपट्टीच्या बाजूला तो इस्त्री करत होता. छपरावर कबुतरं होती, पूर्वीपेक्षा कमी.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबा, पान, कावळा, आणि सभेतलं ते अर्धं वाक्य. माझं हिंदी कच्चं आहे, मध्ये मध्ये मराठीत शिरत होतो. तो ऐकता ऐकता एका शर्टाची बाही पुन्हा पुन्हा दाबत होता. शेवटी इस्त्री उभी केली.

"आपकी घरवाली गुज़री थी, हम जानते थे। उस दिन के सफ़ेद कपड़े हमने ही प्रेस किए थे।"

"हां."

"तो उसी वक़्त बोल देते। कौन मारता आपको?"

मी खिशातली चावी मुठीत धरली.

"और अब मेरे को क्यों सुना रहे हो चाचा? मेरे को तो पहले से पता है कि मैंने नहीं किया। जिनके सामने चुप बैठे थे, उनको सुनाओ।"

त्याने पुढचा शर्ट घेतला. मी परत आलो.

आधी मुलाला सांगितलं. त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे आईचं पान शिवलं ते..." आणि थांबला. मी म्हटलं, "कावळ्याला भूक होती रे. बाकी मला काय ठाऊक?" दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. नंतर त्याने स्वतःच सेक्रेटरींना सांगून सभा बोलावली. मी डबा बरोबर नेला होता. उभा राहून सगळं सांगितलं आणि तो वाजवून दाखवला, कारण मधेच शब्द संपले. कुणी हसलं नाही. एकजण म्हणाले, जाऊ द्या काका, वय झालं की होतं. मी म्हटलं, वयाने नाही झालं.

सेक्रेटरी म्हणाले, "पण आता करायचं काय? त्याची जागा तर पार्किंगला गेली." ते खरंच होतं. ग्रुपवर मी सांगितला तसा मजकूर त्यांनी टाकला, माझ्या नावानिशी. बाईंना मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी बोलला असता, तर..." त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत. पण रोजचं कळवायला सांगतात, मी कळवतो.

मेव्हणीला सगळ्यात शेवटी सांगितलं. ती डोळे पुसत हसली. "तायच्या डब्यानं तायलाच कावळा आनलान तुमी! ती असती तं तोच डबा तुमच्या डोक्यात घातला असतान."

फाल्गुनात पिल्लं निघाली. मी इस्त्रीवाल्याला निरोप पाठवला, बघायला ये. येईल असं वाटलं नव्हतं. तो आला, धुतलेले कपडे घालून, पण फाटकाच्या आत पाऊल टाकेना.

"पहले सेक्रेटरी साहब को बुलाओ। अब मैं ऊपर जाऊँगा तो गवाह के साथ।"

सेक्रेटरी बनियनवर होते, तसेच खाली आले. आम्ही तिघं वर गेलो. मी कुलूप काढलं. गच्चीच्या कोपऱ्यातून तिघांनी टाचा उंच केल्या. पांढऱ्या कापसाचे तीन गोळे, चोची वासलेले, आणि मादी एका कबुतराचे बारीक तुकडे करून एकेकाच्या तोंडात देत होती. वाऱ्याने एक पीस आमच्याकडे आलं. इस्त्रीवाल्याने ते हवेत धरलं, उलटसुलट बघितलं.

"मेरा नहीं है। जंगली है।" मग पुन्हा पिल्लांकडे बघत म्हणाला, "इत्ते से पेट के लिए रानी ले गया साला।"

तेवढ्यात नर डोक्यावरून गेला, इतका जवळून की सेक्रेटरी खालीच बसले. इस्त्रीवाला मोठ्याने हसला. "साहब, आमलेट बनाऊँ?"

सेक्रेटरी त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग तेही हसले, थोडं ओशाळून.

खाली उतरताना मी कुलूप लावायला हात पुढे केला, तर त्याने ते माझ्याकडून घेतलं. दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसडून बघितलं आणि चावी माझ्याकडे न देता सेक्रेटरींच्या हातात ठेवली.

"देख लो साहब। लगा है।"

आता गच्चीवर जायचं झालं की मी सेक्रेटरींची बेल वाजवतो आणि चावी मागून घेतो.